प्रयागबाईंचा शेवटचा शब्द

"मॅडम, वारूलवाडी से बिरजू बोलता हूँ. माँजी को किसी ने मार डाला!"

फौजदार रुपाली वाळुंज तडक निघाली. ती पोचेपर्यंत दुसरा मुडदाही पडला होता.

प्रयागबाई ओसरीवर पडल्या होत्या. डोक्यात पहारीचा घाव, गळ्यातली बोरमाळ गायब. शेजारी ताटलीत साजूक तुपातला शिरा, अजून कोमट.

बांधापलीकडे, आपल्या पालासमोर, राघू मेंढका. गावानं त्याला दगडांनी ठेचला होता. त्याची बायको तुकाबाई त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसत होती.

"ह्याला का मारलं?"

आळेफाट्यावर टायरांचं दुकान चालवणारा जावई सुदर्शन पुढं झाला. "सासूबाई मरताना 'आले, आले' म्हणत व्हत्या. बिरजूनं ऐकलंय. इथं नवं कोण आलंय? हेच मेंढके!"

"बोरमाळ मिळाली याच्या पालात?"

"न्हाई."

रुपालीनं बिहारी गडी बिरजूला बाजूला घेतलं. "नक्की काय म्हणाल्या?"

"आले, आले. बस."

तिनं तोंडापुढं रुमाल धरला. "मी काय बोलते सांग. आले. आळे."

"आले. फिर आले."

"दोन्ही एकच?"

"एक ही है, मॅडम."

रुपालीच्या अंगावर काटा आला. ती प्रयागबाईंच्या लेकीकडं, हर्षालीकडं वळली. "आई जावयाला काय म्हणायची?"

"नाव कसं घेईल? 'आळेकर' म्हणायची."

सुदर्शनचा चेहरा उतरला.

"बिरजूच्या बोलीत ळ नाही," रुपाली म्हणाली. "जो फरक आपल्या भाषेत नसतो, तो कान टाकून देतो. वारूळवाडीची तो वारूलवाडी करतो, तसं आळेचं आले झालं. 'कर' म्हणायला त्यांच्यात जीव उरला नव्हता. आणि चोरासाठी शिरा कोण करतं? तो जावयासाठीच होता. सुदर्शन, बिरजूच्या तोंडून 'आले' ऐकलं आणि तुम्हाला आयता चोर सापडला. गाव तुम्हीच पेटवलंत."

बोरमाळ त्याच्या गाडीच्या डिकीत निघाली.

"लई दिवस मागत व्हतो," सुदर्शन पुटपुटला. "म्हातारी देईना."

गावानं मघाच्याच हातांनी पुन्हा दगड उचलले, या वेळी सुदर्शनसाठी.

तुकाबाई उठली.

"ठिवा खाली. त्या बिहाऱ्याला ळ ऐकू येत न्हाई. माजा धनी तर तुमच्याच भाषेत वरडत व्हता, 'म्या न्हाई, म्या न्हाई.' त्ये का नाय ऐकू आलं?"