सांडलेला पेला

"औंदा किल्ल्याला दोन बुरूज करू," बावड्याहून सुट्टीला आलेला मावसभाऊ युवराज म्हणाला. "अविराज कुठं हाय?"

"झोपलाय," माधवी म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ दिवाळीच्या सुट्टीत झोपून राहणाऱ्यातला नव्हता. पण रोज संध्याकाळी त्याला ताप भरायचा, अंथरूण घामानं भिजायचं, कंबर दुखायची. तपासणीत मलेरिया निघाला नाही, टायफॉइडही नाही. पोरगं मात्र वाळत चाललं होतं. तो मरेल की काय, या भीतीनं माधवी रात्री उठून त्याचं कपाळ चाचपायची.

मातीसाठी दोघं शेळ्यांच्या गोठ्यामागे गेले. तिथली जमीन भुसभुशीत होती. युवराजनं कुदळीचे दोनच घाव घातले आणि तो मागे सरला. खाली करडं होती, पुरती न वाढलेली, अंगावर केससुद्धा न आलेली.

"हात लावू नको!" माधवी ओरडली.

"शेळ्या गाभडल्यात की," युवराज हळूच म्हणाला. "दिस भरायच्या आधीच पडल्यात करडं. आबांनी सांगितलं न्हाय?"

आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, कळपाची बदनामी नको म्हणून ती गुपचूप पुरली होती.

"शेळ्यांचाच रोग अविराजला लागला आसंल," माधवी म्हणाली. "विज्ञानात शिकलो न्हाय का, जिवाणू दुधातनं पण येत्यात."

"मग तुला आन् मावशीला कसा न्हाय लागला? दूध तर एकच."

"आमी चहातलं पितो, उकळलेलं. धारेचं कच्चं दूध आबा आन् अविराजच पित्यात."

बोलता बोलता ती थबकली. आबांचीही कंबर हल्ली धरत होती, ते वयावर ढकलत होते. आणि अविराज आजारी पडल्यापासून, अंगात ताकद यावी म्हणून, आबा त्याला एकाऐवजी दोन पेले पाजत होते.

संध्याकाळी धार काढून आबांनी फेसाळलेला पेला नातवाच्या ओठांना लावला. माधवीनं तो हातानं उडवला.

आबांचा हात उगारला गेला. "माज आला व्हय गं?"

"मारा आबा, पण त्याला पाजू नका. गोठ्यामागं काय पुरलंय ते आईला सांगा."

आबांचा हात तसाच राहिला. आईनं विचारल्यावर त्यांनी करडांचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी शेळ्यांचं ऐकलं आणि वेगळी रक्ततपासणी करायला लावली. "ब्रुसेला नावाचा जिवाणू," रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या. "गाभडलेल्या शेळ्या, कच्चं दूध, सगळं जुळतंय. पोरांनी वेळेत ओळखलं." आबांच्या रक्तातही तोच निघाला.

दिवाळी औषधांतच गेली. किल्ला राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी कळप तपासला, आणि आजारी शेळ्या कळपातून काढून नेल्या त्या दिवशी आबा जेवले नाहीत. अविराजचा ताप उतरला, त्याची कंबर मात्र अजून दुखत होती.

युवराज निघाला तेव्हा आबा चुलीपुढं बसून विकतचं दूध स्वतः उकळत होते. उतू जाईपर्यंत त्यांनी पातेल्यावरची नजर हलवली नाही.

"तुमी दोघांनी घर वाचवलं," ते म्हणाले. मग माधवीकडं न बघता पुटपुटले, "पोरी, तू पेला सांडला नसतास तर म्या ह्याच हातानं..."

माधवीनं त्यांचा तो हात धरला आणि पातेलं खाली उतरवलं.