सहा घरांचे पडदे

एस्तेर स्टुलावर चढून ओसरीतला जुना चुना खरवडत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा थांबता का... तो आकडा पुसू नका."

तिनं वळून पाहिलं. ओसरीखाली एक तरुण उभा होता. गळ्यात कॅमेरा, हातात वही आणि चेहऱ्यावर अशी अजिजी, जणू ती त्याचंच काहीतरी पुसत होती. चुन्याखालून खरंच एक काळा आकडा डोकावत होता. त्या तरुणाचं नाव शलमोन. मूळचा सोनईचा, नगरच्या कॉलेजात शिकवायचा आणि भिंगारजवळच्या या जुन्या लष्करी बराकींचा इतिहास लिहीत होता.

"आमच्या घराला कसला आलाय इतिहास?"

"खाली उतरलात तर सांगतो. वर बघून मान दुखायला लागलीय."

ती हसू दाबत उतरली.

मग तो दर रविवारी उपासना आटोपली की यायचा. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. मोजून झालं तरी टेप गुंडाळायची घाई कुणालाच नसायची. इथे ओळीनं शिपायांच्या खाटा असायच्या, भिंतीवरचा तो आकडा त्यातल्याच एका खाटेचा, लष्कर गेल्यावर कामगारांची कुटुंबं राहायला आली, असं तो सांगत राही आणि ती त्याच्या बोटांवरची शाई बघत राही.

पण एक गोष्ट तिला आतून खुपत होती. गेल्या वर्षी तिला बघायला आलेले पाहुणे पत्र्याचं छप्पर बघून, अर्धा चहा तसाच टाकून उठले होते. तेव्हापासून ती शिकवायची त्या बालवाडीतल्या बाकीच्या बाईंनाही पत्ता सांगताना नुसतं 'भिंगार' म्हणायची. म्हणून शलमोननं वही मिटून, आईला तुमच्याकडे आणू का, असं विचारलं तेव्हा ती टेप गुंडाळू लागली. शेवटी म्हणाली, "नको... घर बघतील नि परत जातील."

त्यानं आग्रह केला नाही. शेजारच्या पुष्पावतीबाईंकडे मात्र तिला घेऊन गेला आणि मागे मला सांगितलंत ते हिलाही सांगा, म्हणाला.

ऐंशी ओलांडलेल्या पुष्पावतीबाईंनी एस्तेरला जवळ बसवून घेतलं. "तुझा बाप झाला तवा हितं मधी भिंतीच नव्हत्या, पोरी. पोत्याचे पडदे हुते. थंडी तर लई. मग सहा घरांनी आपापले पडदे सोडले न् तुज्या आजीच्या खाटेभवती बांधले. आमी समदी चार दिस उघड्यावरच ऱ्हायलो."

"मला कुणी कधी सांगितलंच नाही."

"त्यात काय सांगायचं?"

एस्तेरनं त्यांचे सुरकुतलेले हात डोळ्यांना लावले. बराच वेळ सोडले नाहीत.

बाहेर अवकाळीची बारीक सर आली होती. दोघं वळचणीला उभे राहिले. तुम्ही विचारलं नसतं तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं, असं काहीसं ती पुटपुटली. मग पावसाकडे बघत म्हणाली, "आईंना रविवारी घेऊन या. चहाला नको... जेवायलाच."

"आणि तिला घर नाही आवडलं तर?"

"तर त्यांना पुष्पावतीबाईंकडे नेईन," ती म्हणाली, "आणि तुम्हाला ठेवून घेईन."

त्यानं तिचा हात हातात घेतला.

रविवारी आई आल्या, पोटभर जेवल्या. पडद्यांची गोष्ट शलमोननं त्यांना आधीच सांगितली होती. हात पुसता पुसता त्यांनीच विचारलं, ते पडदे सोडणाऱ्या बाई कुठल्या घरात राहतात?

"आधी त्यांना भेटून येते," त्या म्हणाल्या, "मग तारखेचं बोलू."