लाल बुचाची कुपी

वहिनींच्या गुप्तहेरीच्या ऑफिसात खुर्च्या दोनच होत्या. अशील आलं की भावोजींना उभं राहावं लागे. त्या सोमवारी सकाळी आलेल्या मुलीने मात्र त्यांची खुर्ची वाचवली. ती बसलीच नाही.

"उद्या सकाळी एका माणसाला माझ्या बाबांच्या नावाने विष देणार आहेत," दारापासून खिडकीपर्यंत जाता जाता ती म्हणाली. "आणि ते थांबवायचा पुरावा कोणीतरी वितळवलाय."

"वितळवलाय?" भावोजींनी विचारलं. "तुम्ही बसून सांगितलंत तर…"

"बसवत नाही हो मला."

"फिरत सांगा," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, टेबल सरकवा जरा."

ती पोहायला शिकवायची. वडील औषधशास्त्राचे प्रोफेसर, नुकतेच वारलेले. त्यांच्या एका पेपरला इतकी सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत इतके उल्लेख, मिळाली होती की जगाच्या क्रमवारीत संस्थेला जी जागा होती, ती त्या एका पेपराच्या पुण्याईवर. तो पेपर सायट किती जणांनी केला याचा हिशेब रोज अद्ययावत होई. वाचला किती जणांनी, हे विचारायची पद्धत नव्हती.

"शेवटी शेवटी बाबांच्या लक्षात आलं, आपलं चुकलंय," मुलगी म्हणाली. "उंदरांना औषध देताना वापरलेली प्लॅस्टिकची नळी औषध शोषून घेत होती. कागदावर लिहिलाय त्याच्यापेक्षा फार कमी डोस त्यांच्या अंगात गेला. म्हणून ते जगले. आणि पेपरात छापलं, एवढा डोस सुरक्षित आहे!"

"हॉस्पिटलात ती नळी नसणार," वहिनी म्हणाल्या.

"नाही ना! तिथे सगळाच्या सगळा डोस अंगात जाणार. पहिला पेशंट एक पोस्टमन आहे. मी वॉर्डच्या डॉक्टरांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. ते म्हणतात, एवढ्या लोकांनी आधार घेतलेला पेपर तुमच्या शब्दावर कसा बाजूला ठेवू? आकडा आणा."

आकडा फ्रीजरमध्ये होता. त्या उंदरांच्या रक्ताचे नमुने प्रोफेसरांनी जपून ठेवले होते. त्यांतलं औषध मोजलं की चूक उघडी पडणार होती. शुक्रवारी शोकसभेनंतर मुलीने तिघांना विश्वासात घेऊन सांगितलं, सोमवारी नमुने तपासायचे आणि पेपर मागे घ्यायचा. आज सकाळी ती गेली, तर फ्रीजर बंद आणि खाली पाण्याचं तळं.

"तिघं कोण?"

"संचालक, बाबांचे सहायक आणि खोडरबर."

"कोण?" भावोजी.

"बाबांचा पेपर खोडून काढणारे बारा पेपर लिहिलेत त्यांनी. बाबांचेच विद्यार्थी. सगळे त्यांना तेच म्हणतात, तोंडावरसुद्धा."

"मग तो सुटला," भावोजींनी निकाल दिला. "पेपर पडला तर त्याची दिवाळखोरी थोडीच होणार? तो नाचेल!"

वहिनी पायात चपला अडकवत होत्या. "नाचणाऱ्याला जमीन लागते, भावोजी. चला."

संस्थेत सगळ्या लॅबना एकच किल्ली चालायची. एकमेकांवर विश्वास होता म्हणून नव्हे. वेगळ्या कुलपांचा प्रस्ताव मंजुरीत अडकला होता.

संचालकांनी स्वतः लॅब दाखवली. खिडक्या लावलेल्या, आत भट्टीसारखं उकडत होतं. भिंतीशी दोन फ्रीजर, खटके शेजारी शेजारी. संचालकांनी घाम पुसत गंभीर चेहऱ्याने पहिलं दार उघडलं.

"हाच तो दुर्दैवी… अरे! माझा डबा! गुरुवारपासून शोधतोय मी हा!"

दुर्दैवी फ्रीजर शेजारचा होता, हे मुलीने सांगितलं. संचालकांना डबा सापडल्याचा आनंद लपवता येईना.

"पेपर मागे घेतला तर संस्थेचं काय?" वहिनींनी विचारलं.

"आपटतो आम्ही! पण मी काय सांगितलं होतं हिला? समिती नेमू. अहवाल येईपर्यंत पेपरही सुखरूप आणि सत्यही सुखरूप."

"आणि पोस्टमन?"

"तो समितीच्या कक्षेत येत नाही."

सहायक आपल्या टेबलापाशी चहाचं पाणी उकळत उभे होते. गाजलेल्या पेपरावर दुसरं नाव त्यांचं. खिडकीच्या कट्ट्यावर, केटलीच्या वाफेत आणि वर उन्हात, एक बाटली होती.

"यात काय आहे?" वहिनी.

"तेच औषध, पाण्यात विरघळवलेलं. औषध मोजायचं मशीन रोज सकाळी याच्यावरच ताडून घेतो."

"इथेच ठेवता? उन्हात?"

"वर्षानुवर्षं इथेच आहे."

"आणि वितळलेल्या नमुन्यांच्या या ट्रेमधली ही एकच कुपी लाल बुचाची कशी? बाकीच्या सगळ्या पांढऱ्या."

"तिच्यात औषध मापून घातलंय. नमुन्यांसोबत पडताळ्याला एक ठेवतात."

"मग तपासा ना नमुने."

सहायकांनी केटली उगाचच बंद करून पुन्हा चालू केली. "वितळलेत ते. आता कशाला?"

"पेपर गेला तर तुमचं नुकसान?"

"पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत आहे माझी," ते म्हणाले आणि त्यांनी नजर चुकवली.

बाहेर पडताच भावोजी कुजबुजले, "हाच! पाणी पाजलं तरी ढेकर चोरीचा येईल याला."

"येईल. पण कुठल्या चोरीचा?"

खोडरबर वरच्या मजल्यावर होते. मुलीला पाहून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, आणि ती बसत नाही म्हणून स्वतःही बसले नाहीत. चौघंही उभ्याने बोलत राहिली.

"दहा वर्षं सरांच्या हाताखाली त्याच लॅबमध्ये घासली मी," ते म्हणाले. "पेपर चुकलाय हे मीच पहिल्यांदा सांगितलं. पण नळीबिळी काही नाही. औषध उष्णतेने विरतं, नासून जातं! अंगात पोचेपर्यंत काही उरतच नाही."

"मग उद्याच्या पोस्टमनला काय होईल?"

"काही नाही. पाणी टोचल्यासारखं."

"हा प्रयोग तुम्ही कधी केलात?"

"गणित केलंय मी. बारा वेळा." ते किंचित हसले. "सरांच्या पेपराचा उल्लेख झाला की पुढच्या वाक्यात 'परंतु' येतो ना, तो परंतु माझा. नमुने गेल्याचं मात्र वाईट वाटतं. आता काहीच सिद्ध होणार नाही."

वहिनी जिना उतरून सरळ सहायकांकडे गेल्या.

"सगळे नमुने मोजा. लाल बुचाचीही कुपी. वितळल्याने काही बिघडत नाही, हे तुम्हाला सकाळपासून ठाऊक आहे. मला ते तुमच्या कट्ट्यावरच्या बाटलीने सांगितलं."

सहायकांचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्याने हातमोजे चढवले. मशीन सावकाश घरघरत होतं. मुलगी व्हरांड्यात फेऱ्या घालत होती. तिच्या मागोमाग फिरून भावोजींना भोवळ आली.

संध्याकाळी सगळे संचालकांच्या खोलीत जमले. वॉर्डचे डॉक्टर फोनवर होते, स्पीकर चालू होता.

"लवकर सांगा," डॉक्टर म्हणाले. "माझा राउंड आहे."

"फ्रीजर मुद्दाम बंद केला गेला," वहिनींनी सुरुवात केली. "दोन खटक्यांपैकी नेमका एक. संचालकांना नमुने कुठल्या फ्रीजरमध्ये आहेत हेच माहीत नव्हतं. डबा पाहून झालेला आनंद सोंगाचा नव्हता. शिवाय ज्याला समिती नेमता येते तो खटक्याला कशाला हात लावेल?"

संचालकांनी हे कौतुक समजून मान डोलावली.

"सहायकांना फ्रीजर माहीत होता आणि पेपर टिकायलाही हवा होता. पण हे औषध त्यांनी वर्षानुवर्षं उन्हात ठेवलंय आणि त्यावर रोज मशीन ताडलंय. गरम केल्याने नमुने नष्ट होत नाहीत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांना नमुने घालवायचेच असते तर त्यांनी ते ओतून दिले असते. त्यांचा गुन्हा एवढाच की नमुने नासले असं सगळ्यांना वाटलं तेव्हा ते गप्प राहिले."

भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे…"

"फ्रीजर बंद केला की औषध नाहीसं होईल, असं मानणारा जाणकार एकच आहे. ज्याने तसं बारा वेळा छापलंय तो."

खोडरबर शांत होते. "सरांचा पेपर पडावा म्हणून मी जन्म घालवला. मी तो का वाचवीन?"

"कारण तो नळीमुळे पडला, तर तुमच्या परंतुसकट पडतो. चूक होती हे तुमचं खरं. कारण खोटं. सरांनी स्वतः चूक कबूल केली, की तुमचे बारा पेपर कशाला टांगायचे?"

"काय आले आकडे?" डॉक्टर मध्येच म्हणाले.

"उंदरांच्या नमुन्यांत औषध फार कमी," सहायक खाली बघत म्हणाले. "लाल कुपीत जेवढं मापून घातलं होतं, तेवढंच."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "फ्रीजर आज सकाळीच बंद पडला असेल, तर औषध उष्णतेत टिकतं हे लाल कुपीवरून सिद्ध होत नाही. मग कमी का आलं, कोण सांगणार? बारा पेपर आहेत विरतं म्हणणारे. नमुने किती वेळ गरम होते?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "या खोलीत ते एकालाच माहीत आहे."

मुलगी खोडरबर यांच्या समोर जाऊन उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच ती एका जागी थांबली होती.

"तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं कोणी काही करू शकणार नाही," ती म्हणाली. "फक्त तो पोस्टमन… पाणी टोचल्यासारखं होईल म्हणालात ना सकाळी? आता म्हणा."

खोडरबर यांनी सहायकांच्या हातातला कागद घेतला. लाल कुपीचा आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग ते फोनकडे वाकले.

"शनिवारी सकाळपासून," ते म्हणाले. "खटका मी बंद केला. खिडक्या लावून हीटरही लावला. आज पहाटे हीटर काढून नेला."

पलीकडे डॉक्टर काहीतरी लिहून घेत असल्याचं ऐकू आलं.

"दोन दिवस गरम, आणि तरी काही विरलं नाही?"

"नाही. विरत नाही ते. नळीचंच खरं आहे. डोस फार जास्त आहे, डॉक्टर. देऊ नका."

"रद्द करतो. पण लेखी लागेल, उद्याच. एवढा गाजलेला पेपर, नुसत्या फोनवर नाही चालायचं. कोणाच्या नावाने येईल?"

संचालक समिती म्हणण्याच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्या," खोडरबर म्हणाले. "माझ्या आणि सरांच्या. फ्रीजरचं सगळं त्यात लिहीन." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुमची हरकत नसेल तर सरांचं नाव आधी घालतो."