पेटिग्रूंच्या घरावरचा बोजा

विनोना टॉलिव्हरने कागद टेबलावर आपटला. "तिसऱ्यांदा व्यवहार लांबला, बाई! करार आज संध्याकाळी पाचला संपतो आणि उद्या दुपारी थकलेल्या कर्जापायी बँक म्हाताऱ्याच्या घराचा लिलाव करतेय."

मेम्फिसची खासगी गुप्तहेर ऑगस्टा रेन्फ्रो कागद वाचू लागली. तिचा सहायक मर्विन निवृत्त बसचालक. माणूस सज्जन, पण डोकं कायम पहिल्या गिअरमध्ये.

अडलेल्या मालकाशी घराचा करार करायचा आणि तो करार नफा घेऊन रोख पैसेवाल्याला द्यायचा, हा विनोनाचा धंदा. म्हाताऱ्या ऑटिस पेटिग्रूंच्या घराचा करार तिने ग्रँट केस्लरला दिला होता. व्यवहार झाला तर बँकेचं कर्ज फिटून पेटिग्रूंच्या हाती एकतीस हजार डॉलर उरणार होते. लिलाव झाला तर छदामही नाही.

"आधी दोनदा वारसाच्या दाखल्यासाठी अडलं. आता हा बोजा नोंदवलाय कुणीतरी," विनोना म्हणाली.

ऑगस्टाने मोठ्याने वाचलं, "'वीस मे रोजी घर आणि मागचं गॅरेज, दोन्हींवर नवं छप्पर घातलं. पैसे बाकी.'"

"अशी कंपनीच सापडत नाही. पत्ता म्हणजे पोस्टातली नुसती भाड्याची टपालपेटी."

"घराचे फोटो कुणाकुणाला पाठवलेस?"

"फक्त केस्लरला. फेब्रुवारीत काढले होते."

पेटिग्रू परसात सिमेंटच्या उघड्या चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. पुतणी शार्लीन शेजारी शेंगा सोलत होती. घराचं छप्पर जुनं, ठिगळं लावलेलं होतं.

"घर विकायला तुझा विरोध होता म्हणे?" ऑगस्टाने विचारलं.

"होता. आठ दिवस बोलले नाही काकाशी." शार्लीन उसळली. "पण एप्रिलच्या वादळानंतर इथल्या सगळ्या फळ्या नि पत्रे मीच उचलले. पाठ अजून ठणकतेय. त्यालाच रस्त्यावर आणीन होय?"

"हे घर लिलावात गेलं की मी संपलो," म्हातारा हळूच म्हणाला.

खरेदीचे पैसे सांभाळून व्यवहार पुरा करून देणाऱ्या दस्त कार्यालयातल्या मिसेस ओडम घाईत होत्या. "माझ्याकडे फक्त कागद येतात. घर कसं दिसतं ते मला ठाऊक नाही. केस्लरचे पैसे पहिल्या तारखेपासून इथे जमा आहेत. बोजा उठला की पाच मिनिटांचं काम."

बाहेर येताच मर्विन म्हणाला, "म्हणजे केस्लर सुटला. पैसे भरून बसलेला माणूस खोडा कशाला घालेल?"

केस्लर आपल्या गाडीला टेकून उभा होता. "घर बघायला वेळ कुणाला आहे? आम्ही फोटोंवरच घेतो. नुकसान माझंच चाललंय, बाई."

"दुरुस्तीचं सामान ठेवणार कुठे?"

"मागच्या गॅरेजात. जागा आहे की भरपूर."

ऑगस्टाने घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. तिने सगळ्यांना ओडमबाईंच्या टेबलाभोवती बसवलं.

"बोजा खोटा आहे, हे छप्परच सांगतं. लिहिणाऱ्याने वीस मेला गॅरेजही शाकारलं. पण गॅरेज एप्रिलच्या वादळात पडलं. उरलाय तो नुसता चौथरा. शार्लीनने त्याचा ढिगारा स्वतः उपसला, ती असं लिहिणार नाही. ओडमबाईंना गॅरेज होतं हेच माहीत नाही. विनोनाचा तर व्यवहार लांबला की नफाच बुडतो. ज्याने घर फक्त फेब्रुवारीच्या फोटोत पाहिलं, त्याच्याच लेखी गॅरेज अजून उभं आहे."

"पण त्याचे पैसे?" मर्विन पुटपुटला.

"करार मेला की परत मिळतात, आणि तोवर माणूस साव दिसतो. उद्या लिलावात हेच घर निम्म्यात मिळालं असतं."

केस्लर उठला. "ती कंपनी माझी नाही!"

"टपालपेटी कुणाच्या नावावर आहे ते शेरीफ शोधेल. तक्रार जाणारच. आत्ता बोजा उठवलास तर न्यायाधीशांपुढे सांगायला तेवढं तरी राहील."

केस्लर पुन्हा खाली बसला. मग त्याने पेन मागितलं आणि बोजा उठवायच्या कागदावर सही केली.

पावणेपाचला पेटिग्रूंनी सही केली. अक्षर स्वच्छ आलं. शार्लीनला रडू आवरेना. म्हाताऱ्याने किल्ल्या केस्लरपुढे सरकवल्या.

"एकदा तरी यायचं होतंस, पोरा," तो म्हणाला. "कॉफी पाजली असती."