अर्ध्या रिंगणाची अळंबी

सान प्रुदेन्सिओच्या सणाला अंड्यांत पेरेचिको अळंबी पडलीच पाहिजे, आणि तीही आमच्याच जागेवरची! त्यासाठीच मी आणि माझी धाकटी बहीण मायालेन गोर्बेया डोंगर चढत होतो. ही जागा बापाने मरताना आम्हा दोघांच्या कानात सांगितलेली. तिथल्या गवतात अळंब्यांचं रिंगण उगवतं, एवढं मोठं की पलीकडची मेंढी अलीकडे येईतो म्हातारी होते! पण उगवतं अर्धंच. उरलेलं डोंगरातली मारीदेवी खाते, असं बाप सांगायचा.

एप्रिल संपत आला तरी बर्फ पडला होता. शेजारचा बेन्यात माग काढील, म्हणून मी फांदीने मागची पावलं पुसत चाललो.

"दादा, या वयात शेपूट फुटलं तुला!" मायालेन हसली.

रिंगण सापडलं. ताज्या दळणाचा वास सुटला होता. टोपली भरत आली आणि धुकं उतरलं, पाठ टेकून उभं राहावं इतकं दाट! मायालेन दोन पावलं बाजूला सरकली. बर्फ खचला. किंकाळी!

खडकाच्या फटीत ती पुरुषभर खोल अडकली होती. गुडघ्याखाली हाड बाहेर आलेलं.

"माणसं आणतो," म्हणत मी वळलो. पण वाट कुठली? पायाखालचा एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही! असल्या शेकडो फटींमधून नेणारी माझी पावलं मीच पुसली होती. फांदीचे ओरखडेही भुरभुरत्या बर्फाने बुजवले होते.

उरली फक्त आरोळी.

"ओरडू नकोस," ती खालून कुजबुजली. ओठ निळे पडले होते. "बेन्यातला जागा कळेल."

"मरशील, गाढवे!"

"मग वर गेल्यावर बापाला काय सांगू?"

थोड्या वेळाने तिचे दात वाजायचेही थांबले. तेव्हा मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर!

उत्तर आलं ते अगदी जवळून. धुक्यातून बेन्यात निघाला. मिशांवर बर्फ, हातात रिकामी टोपली.

"तू? इथे?"

"अकरा वर्षं येतोय, पलीकडच्या अंगाने. निम्मं ठेवतो की तुम्हाला!"

मारीदेवीला मिशा होत्या तर!

कमरेचे पट्टे एकमेकांना बांधून आम्ही मायालेनला वर ओढलं. बेन्यातने तिला पाठीवर घेतलं.

"आता वाट?" मी विचारलं.

त्याने हनुवटीने दाखवलं. बर्फात खोल, ठसठशीत पावलं उमटलेली.

"मी पुसत नाही, चोमिन. मला घरी जायचं असतं."

टोपल्या तिथेच टाकल्या. मायालेन वाचली, तिचा पाय नाही वाचला. सणाला तिघांनी नुसतीच अंडी खाल्ली.

पुढच्या वसंतात मी एकटाच गेलो. निम्मं खुडलं, निम्मं ठेवलं आणि चिखलात मुद्दाम पाय आपटत उतरलो.