लोटनच्या वाट्याचा गाळ

पाऊस सरला की धानोऱ्यात पाट साफ करायची गडबड उडे. बंधाऱ्यापासून शेतांपर्यंत ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. गाळ उपसून काठावर टाकायचा, मगच गव्हाला पाणी सुटायचं. एक तुकडा भरलेला राहिला तरी खालच्या सगळ्यांचं पाणी अडे, म्हणून ज्याचा तुकडा साफ नाही त्याची पाण्याची पाळी बंद.

लोटनचं अंग कामाला जरा जडच. गेल्या साली त्याने आपला गाळ काठावर चढवायचं सोडून शेजारच्या धनुबाईच्या तुकड्यात लोटून दिला. "मी गाळ काढा व्हता, दादा," ती विधवा बाई पंचांना सांगत राहिली. लोटन तिथेच उभा होता, तोंडात मूग धरून. तिची पाळी गेली, गहू जळाला, आणि उन्हाळ्यात तापाने तीही गेली. तेव्हापासून तिच्या घरावरून जाताना त्याची मान वर होत नसे.

यंदा त्याने आपला तुकडा तळापर्यंत खरवडून काढला. सकाळी पाहतो तर पुन्हा भरलेला.

बंधाऱ्याचं दार बंद होतं, पाट कोरडा ठणठणीत. तरी गाळ ओला. खाली वाळू, वर लोण्यासारखी मऊ चिकण. पाणी महिनोन्महिने संथ उभं राहिलं तरच बसते तशी. त्याने तो उपसला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

शेजारी धनुबाईचा तुकडा. त्याला आता कुणी वाली नव्हता, पण तो लख्ख साफ होता. तळाला फावड्याच्या ताज्या खुणा होत्या.

पाटाची राखण करणारा दोधू पाटकरी काठावर येऊन थांबला. "लोटन, तुन्हा तुकडा भरेल शे. सारा गावनं पानी अडकी ऱ्हायनं."

"मी गाळ काढा व्हता," लोटन म्हणाला. आपल्याच तोंडचे शब्द ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पारावर पंच बसले. त्याला पुढे उभं केलं.

"मांगला सालले मन्हा गाळ मीच तिन्हा तुकडामा लोटा," लोटन खाली बघत म्हणाला. "धनुबाईनी चूक नव्हती."

कुणी दचकलं नाही. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दोधूने मान वळवली. लिंबाखाली, बायका उभ्या राहतात तिकडे, कुणीच नव्हतं.

तिकडे बघत त्याने हळूच विचारलं, "धनुबाई, आते पानी सोडूत का?"

आणि सगळे पंच उत्तराची वाट बघत गप्प बसले.