जठोबाचं काचेचं पोट

प्राजक्ताआत्या चिमणीएवढं खायची आणि तरी तिचं वजन काही केल्या हलत नव्हतं. हे कोडं घरात कुणालाच सुटेना, म्हणून शाल्मलीनं ते आपल्या अंगावर घेतलं. शाल्मली सहावीत होती, मे महिन्याची सुट्टी लागली होती, आणि सुट्टीत अंगावर घ्यायला तिला काहीतरी लागायचंच. मागच्या सुट्टीत तिनं पंखेदुरुस्ती घेतली होती. तेव्हापासून आत्याच्या माजघरातला पंखा उलटा फिरतो.

आत्या म्हणजे सांगलीतली नावाजलेली आचारीण. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, स्वयंपाक आत्याचा असला की लोक आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवायचे. घरामागच्या मोठ्या शेडमध्ये तिचं स्वयंपाकघर होतं. तिथे भाज्या चिरायला यंत्र होतं, कणीक मळायला यंत्र होतं, आणि दूध उतू जायच्या आधी हाक मारणारी कढईसुद्धा होती. मीठ-साखर मोजणारी एक कांडीही होती, पण ती फळीवर धूळ खात पडली होती. आत्या म्हणायची, "मीठ किती ते कांडी सांगंल. बास झालं का, ते माझी जीभच सांगणार."

गेल्या दिवाळीनंतर आत्याचं ऑपरेशन झालं होतं. वजन फार वाढलं होतं, रक्तातली साखर वाढली होती, आणि कढईसमोर उभं राहिलं की गुडघे कुरकुर करायचे. बाकीचे उपाय करून झाल्यावर डॉक्टर मगदूमबाईंनी तिच्या जठराला (म्हणजे पोटात अन्न साठवणाऱ्या पिशवीला) पट्टा बसवला. सुरुवातीला वजन छान उतरलं. मग ते एका जागी अडून बसलं. गेल्या महिन्यात पट्टा जरा घट्ट केला, तर आत्याच्या पोटात साधं पाणीही ठरेना. उलट्या करून करून ती इतकी गळून गेली, की तिला घाईनं दवाखान्यात नेऊन पट्टा सैल करून आणावा लागला. न्हाणीघराच्या दाराबाहेर शाल्मली त्या वेळी रडत उभी होती, आणि ते ती विसरली नव्हती.

आता उद्या पुन्हा तपासणी होती, आणि आत्यानं ठरवूनच टाकलं होतं. "डॉक्टरांना सांगणार, करा घट्ट. या टायमाला सोसीन मी."

शाल्मलीला हे मुळीच मंजूर नव्हतं. आत्याला पुन्हा तसं आजारी पडू द्यायचं नसेल, तर वजन का अडलंय ते आजच्या आज शोधायला हवं होतं. ती तडक जठोबाकडे गेली.

जठोबा हा दवाखान्यानं घरी पाठवलेला यंत्रमानव. दवाखान्यात त्याला नुसता एक नंबर होता, जठोबा हे नाव शाल्मलीचं. तो तिच्या खांद्याइतका उंच होता आणि त्याच्या पोटाच्या जागी काचेची पेटी होती. पेटीत खऱ्यासारखं, पण आरपार दिसणारं मऊ जठर होतं. रुग्णाला सगळं नीट समजावं म्हणून ही सोय. शिवाय आत्यानं काय खाल्लं, ते तो रोज विचारून टिपून ठेवायचा. आत्याला मात्र त्याचे हात ओली फडकी वाळत घालायला फार सोयीचे वाटायचे.

"जठोबा, आत्याचा पट्टा बिघडलाय का?" शाल्मलीनं फडकी बाजूला करत विचारलं.

"रुग्णाबद्दलची माहिती मी दुसऱ्या कुणाला देत नाही," जठोबा म्हणाला.

"अरे, मी तिची भाची आहे."

"भाचीलाही नाही. पोटाबद्दल विचार, हवं तेवढं सांगतो."

शाल्मलीनं जरा गाल फुगवले. पण जठोबाचं म्हणणं तिला पटलं. आपल्याबद्दल त्यानं कुणाला काही सांगितलेलं आपल्याला तरी आवडलं असतं का? "बरं, मग हा पट्टा काम कसा करतो ते सांग."

जठोबानं पेटीत दिवा लावला. आरपार जठराच्या वरच्या टोकाशी एक पांढरा पट्टा बसवलेला दिसत होता. त्याच्या वर जेमतेम लिंबाएवढी जागा राहिली होती, बाकीचं मोठं जठर पट्ट्याच्या खाली.

"पट्टा सिलिकॉनचा आहे," जठोबा म्हणाला. "आतून तो पोकळ आहे, सायकलच्या ट्यूबसारखा. त्यात सलाईन (म्हणजे मिठाचं शुद्ध पाणी) भरलं की तो फुगतो आणि जठर आवळलं जातं. पाणी काढलं की सैल. ते भरायला कातडीखाली एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यात सुई घालायचं काम डॉक्टरांचं, दुसऱ्या कुणाचं नाही."

"म्हणजे पट्टा जेवण अडवतो?"

"सगळे असंच समजतात. अडवणं हे त्याचं काम नाही. भाकरीचा तुकडा आहे का?"

भाकरी आणि मटकीची उसळ आत्याच्या घरात कधीही मिळायची. जठोबाच्या तोंडात चावायचं यंत्र होतं. त्यानं एक घास इतका वेळ चावला, की शाल्मलीला जांभई आली. मग घास खाली उतरला आणि पट्ट्याच्या वरच्या छोट्या जागेत थबकला. तिथली भिंत किंचित ताणली गेली. तिच्यातून मानेकडे जाणारी एक बारीक तार लुकलुकायला लागली, आणि जठोबाच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाला.

"ही तार म्हणजे मज्जातंतू (शरीरातले निरोप मेंदूला पोचवणारा धागा)," जठोबा म्हणाला. "भिंतीला घासाचा दाब जाणवला की हा धागा मेंदूला कळवतो, बास, आता भरत आलं. मग घास हळूहळू पट्ट्यातून खाली सरकतो. तेवढ्यात पुढचा घास येतो आणि पुन्हा निरोप जातो. थोड्याच जेवणात मेंदूचं समाधान होतं. पट्टा निरोप लवकर पाठवतो, एवढंच."

"आणि भराभर खाल्लं तर?"

"निरोप पोचायच्या आधीच घासावर घास येऊन बसतात आणि अडकतात. मग दुखतं, उलटी होते. पट्टा नको इतका घट्ट केला तरी तेच. उलट्या होत राहिल्या तर पट्टा जागचा सरकू शकतो, वरची जागा ताणून मोठी होते, आणि कधी कधी पट्टा काढूनच टाकावा लागतो. म्हणून उलट्या सोसत बसायचं नसतं, डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं असतं."

'या टायमाला सोसीन मी.' आत्याचे शब्द शाल्मलीला आठवले आणि तिला धस्स झालं. ती विचार करायला लागली. पट्टा गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी बघितलाय, आत्या मोजकंच खाते, चावूनही खाते. मग?

"जठोबा, पट्टा अगदी ठीक असूनही त्याला न कळता काही खाली जाऊ शकतं का?"

जठोबानं पेटीतला दिवा मोठा केला. "हा प्रश्न चांगला आहे," तो म्हणाला. "घालून बघ."

शाल्मलीनं आधी पेलाभर ताक ओतलं. वर थांबलेला घास ताकाबरोबर भसकन वाहून खाली गेला आणि हिरवा दिवा विझला. "म्हणूनच जेवताना काही प्यायचं नसतं," जठोबा म्हणाला. "पाणी किंवा ताक जेवणाआधी नाहीतर जेवणानंतर, मध्ये चांगलं अंतर ठेवून, घोट घोट घ्यायचं."

पण हे आत्याला ठाऊक होतं. जेवताना ती पाण्याच्या तांब्याकडे बघतसुद्धा नसे. शाल्मलीनं शेडमधून वाटीभर बासुंदी आणली. ती सरळ पट्ट्यातून खाली गेली, कुठेही न थबकता. दिवा लागला नाही. दुसरी वाटी ओतली, तिसरी ओतली. खालचं मोठं जठर बासुंदीनं भरत चाललं आणि जठोबाचं कपाळ तसंच काळं.

"मेंदूला पत्ताच नाही," शाल्मली हळूच म्हणाली. पण आत्या कुठे बासुंदीच्या वाट्या पीत होती? ताटावर बसली की गोडाला हातही लावत नव्हती ती.

त्या दिवशी एका साखरपुड्याचा स्वयंपाक होता. शेडमध्ये बासुंदीला उकळी येत होती, कटाची आमटी फोडणीची वाट बघत होती, मठ्ठ्याला आलं-मिरची लावायची होती. शाल्मली दारात उभी राहून बघत होती. आत्यानं पळी कलती केली, आमटी तळहातावर घेतली आणि चाखली. "चिंच कमी," ती म्हणाली. चिंच घालून पुन्हा चाखली. मग मठ्ठा. मग बासुंदी, आणि तीही वाटीत घेऊन, कारण आत्याच्या मते गोडाचा अंदाज थेंबात येत नाही.

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं कोपऱ्यातली किटली उचलली आणि आत्याच्या मागे मागे फिरायला लागली. आत्या जेवढं चाखेल, तेवढंच त्याच पातेल्यातून किटलीत.

"काय गं, हे काय चाललंय?" आत्या म्हणाली.

"प्रयोग आहे."

"असूदे. पण सांडशील तर फरशी तूच पुसायचीस."

पाहुणे जेवून पांगले तोवर संध्याकाळ झाली होती, आणि किटली तोंडापर्यंत भरली होती. शाल्मलीनं आत्याला हाताला धरून जठोबासमोर बसवलं आणि किटली त्याच्या तोंडाला लावली. आमटी, मठ्ठा, रस्सा आणि बासुंदी यांचा तो रंग काही बघण्यासारखा नव्हता. सगळं सरसर खाली गेलं. आरपार जठर फुगलं. कपाळावरचा दिवा एकदाही लागला नाही.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"हे तू आज चाखलंस ते."

आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजे मी चोरून खाते म्हणतीस?"

"नाही गं आत्या." शाल्मली घाबरली, पण बोलायचं थांबली नाही. "तुला कळलंच नाही. कुणालाच कळलं नसतं. पातळ पदार्थ वर थांबतच नाही, मग निरोप जातच नाही. म्हणून भूक तशीच राहते, आणि बासुंदीतली साखर, दूध, सगळं मात्र अंगी लागतं. पट्टा घट्ट केलास तरी बासुंदी त्यातून जाईलच. भाकरी तेवढी अडकेल, आणि तू परत आजारी पडशील."

आत्या जठोबाकडे वळली. "खरं सांगती का रे ही?"

"तुमची माहिती तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही," जठोबा म्हणाला. "खरं आहे. पट्ट्याला चव कळत नाही. त्याला घट्ट आणि पातळ एवढंच कळतं. मी तुम्हाला रोज विचारत होतो, काय खाल्लं. तुम्ही खरंच सांगत होता. चूक माझ्या प्रश्नात होती."

आत्यानं पदरानं डोळे टिपले. "मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे," ती म्हणाली. "एवढं ऑपरेशन करून घेतलं, तरी हिला जमंना, असं लोक म्हणत असतील. लाज वाटायची गं बाळा. म्हणून म्हणत होते, आवळा, किती आवळायचं ते आवळा."

शाल्मली तिला जाऊन बिलगली. आत्याच्या अंगाला वेलदोड्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मगदूमांनी विचारायच्या आधी आत्याच बोलली. "डॉक्टर, घट्ट नका करू. आधी माझं ऐकून घ्या." तिनं किटलीची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकलं.

"माझ्याकडे किती बायका येतात, ज्यांचा दिवस चुलीपाशी जातो," त्या शेवटी म्हणाल्या. "ऑपरेशन करू का, असं विचारायला येतात, तेव्हा मी सांगते की पट्टा सगळ्यांनाच योग्य नसतो, आणि बसवला तरी खाण्याच्या सवयी बदलणं आणि तपासण्या जन्मभर सुटत नाहीत. पण तुम्ही दिवसभर काय चाखता, हे मी एकीलाही विचारलं नाही. आता प्रत्येकीला विचारीन. आणि जठोबालाही शिकवू, म्हणजे सगळ्या गावांतले त्याचे भाऊ विचारतील." मग त्या शाल्मलीकडे वळल्या. "तू मोठी होऊन काय करणार आहेस?"

"अजून ठरलं नाही," शाल्मली म्हणाली. "पट्ट्याशिवायच मेंदूला निरोप पाठवता येईल का, ते बघायचंय."

"बघ," डॉक्टर म्हणाल्या. "मीही वाट बघते."

पट्टा होता तसाच ठेवला. आत्यानं मीठ-साखर मोजणारी कांडी फळीवरून काढून धुतली. दोन दिवस ती कांडीशी भांडली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तशी हुशार आहे." आता ती शेवटी एकदाच, छोट्या चमच्यानं चाखते, आणि तेही जठोबाला जेवणात धरायला सांगते. अडून बसलेलं वजन हळूहळू उतरायला लागलं.

सुट्टी संपता संपता एका बारशाचं जेवण होतं. पंगती उठल्यावर यजमानीणबाईंनी आत्याला पाटावर बसवलं आणि शाल्मलीला तिच्या शेजारी. आत्यानं लहान लहान घास घेतले. उसळ, पोळीचा चतकोर, थोडी भाजी, प्रत्येक घास निवांत चावून. यजमानीणबाई पोळ्यांची परडी घेऊन आल्या. "एवढंच? असं कसं चालंल? अर्धी तरी घ्याच."

आत्यानं ताटावर हात आडवा धरला. "नको वहिनी, खरंच नको. पोट भरलं माझं."

बोलली आणि तशीच थांबली, हात ताटावर आडवा धरून. इतकी वर्षं तिनं हजारो माणसांची पोटं भरली होती. स्वतःचं भरलं असं म्हणताना शाल्मलीनं तिला आज पहिल्यांदाच ऐकलं.